राडारोडा

मराठीत स्लॅब 'पडतो' तेव्हा घर उभे राहत असते. १९७४ साली आमच्या पुण्यातल्या इमारतीचा शेवटचा स्लॅब पडला, त्या दिवशी वडिलांनी मजुरांना जिलबी वाटली होती. "हा शंभर वर्षं हलायचा नाही," असे ते पुढे आल्यागेल्याला सांगत. तो हललाही नव्हता. एफएसआय तेवढा वाढला.

गेल्या वर्षी इमारत पाडली. सळया भंगारवाल्याने वजनावर उचलल्या. उरलेल्या राडारोड्याला गिऱ्हाईक नव्हते. त्याचे पुढे काय होते, हे मी तेव्हा प्रथमच वाचू लागलो.

बहुधा तो कुठेतरी भरावात जातो. नशीब बरे असेल तर भरडून त्याची खडी होते. आपल्या २०१६ च्या मानकानुसार (आयएस ३८३) सळईच्या काँक्रीटमध्ये ही खडी २० टक्क्यांपर्यंत चालते, तीही एम-२५ प्रतीपर्यंतच. कारण मोठे विलक्षण आहे. भरडल्यावरही जुन्या सिमेंटचा थर खडीला चिकटून राहतो आणि तो पाणी पितो. शिवाय यात वाचते ती खडी; सिमेंट नवेच लागते.

दुसरी वाट न भरडण्याची. स्वित्झर्लंडमधल्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली एका इमारतीच्या भिंतींतून २५ ठोकळे कापून काढले, त्यांना भोके पाडली, त्यांतून पोलादी तारा ओवून ताणल्या आणि १० मीटर लांबीचा कमानी पादचारी पूल उभारला. भिंतीची कमान झाली, पण काँक्रीट तेच राहिले. त्या पुलाचे छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो होतो.

आमच्या कंत्राटदाराला ते दाखवले तेव्हा तो हसला. "साहेब, कापत बसलो तर तुमचं भाडं कोण भरणार?" त्याचे अगदीच चुकले असे मला म्हणवत नाही. आपल्याकडे स्लॅब, बीम, कॉलम एकसंध ओतलेले असतात. तुकडा कापायचा तर आत सळई कुठे आहे आणि किती जाडीची आहे, हे कळायला हवे. "जुने नकाशे असते तर एक वेळ विचार केला असता," तो जाता जाता म्हणाला.

नकाशे होते. वडिलांच्या कपाटात, निळ्या गुंडाळीत, प्रत्येक बीमच्या सळया मोजून दाखवलेले. घर रिकामे करताना ती गुंडाळी मीच रद्दीत घातली होती.