पुढच्या सीटची गाडी

कॉन्टेसाच्या मागच्या सीटवर बसलेली माणसं माझ्या पिढीने भरपूर पाहिली. औरंगाबादला जालना रोडवरून पांढरी कॉन्टेसा गेली, की आत कोण आहे हे बघायला लोक माना वळवत. मंत्री असेल, साखर कारखान्याचे चेअरमन असतील, नाहीतर एखादे नामवंत डॉक्टर. गाडी कोण चालवतंय, याकडे कुणाचंच लक्ष नसे. मी ही गाडी घेतली ती चालवण्यासाठी, आणि आजवर तिच्यावर जे काम केलं ते चालवणाऱ्याच्या बाजूने केलं.

तिची ठेवणही तशीच आहे. लांब बॉनेट, पुढे चार गोल दिवे, दारांपाशी जरा आत गेलेली आणि मागच्या चाकावर पुन्हा भरलेली कंबर. हे वळण अमेरिकेतलं. फोर्डने 1958 मध्ये थंडरबर्ड चार माणसांची केली, 1963 ला ब्यूकची रिव्हिएरा आली आणि तिथे गाड्यांची एक जातच तयार झाली. दोन दारं, लांब नाक, मऊ चाल आणि स्टेअरिंगवर स्वतः मालक. कॉन्टेसाला दारं चार असली तरी घराणं तेच. इंग्लंडची व्हॉक्सहॉल कंपनी 1925 पासून जनरल मोटर्सच्या मालकीची होती. व्हॉक्सहॉलच्या 1972 सालच्या व्हिक्टर एफईवर डेट्रॉइटची छाप सरळ दिसते. तिचे साचे हिंदुस्तान मोटर्सने घेतले आणि 1984 मध्ये बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून कॉन्टेसा बाहेर पडली.

ज्या बॉनेटखाली इंग्लंडमध्ये 3.3 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिनसुद्धा बसत होतं, तिथे आपल्याकडे अँबॅसडरचं दीड लिटरचं, जेमतेम 50 हॉर्सपॉवरचं इंजिन आलं. मागे बसून पेपर वाचणाऱ्याला त्याचं काही वाटत नव्हतं. चढाला गिअर पाडून गाडी ओढत नेणाऱ्याला सगळं कळत होतं. पुढे कंपनीनेच इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आणि पाच गिअर दिले, डिक्कीवर ‘क्लासिक’ अशी अक्षरं लागली, आणि ही गाडी खऱ्या अर्थाने चालवण्याजोगी झाली. साचा इंग्रजी, वळण अमेरिकन, इंजिन जपानी, जोडणी बंगालची. ‘जुनी गाडी आहे, ओरिजिनल ठेवा’ असं जेव्हा कुणी मला बजावतं, तेव्हा मी हा इतिहास सांगतो. या गाडीतला सगळ्यात मोठा बदल खुद्द कंपनीने केला, आणि तो योग्य होता.

माझी क्लासिक 1990 ची, एमएच-20 पासिंगची. आयुष्यभर इथल्याच रस्त्यांवर फिरलेली, आणि हे फार महत्त्वाचं. मुंबई-कोकणातल्या जुन्या गाडीचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्लेला असतो. दारांचे तळ, चाकांच्या कमानी, डिक्कीचा तळ, जिथे बोट लावाल तिथे भुगा. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो. मरतं ते रबर. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात उभी राहून राहून डॅशबोर्डला भेगा जातात, काचेची रबरं लाकडासारखी होतात आणि खाली सस्पेन्शनचे बुश कडक होऊन चिरतात. त्यामुळे आमच्याकडे अशी गाडी हातात घेतली, की डेंटिंग-पेंटिंगच्या आधी तिच्या खाली झोपावं लागतं.

पुढच्या चाकांच्या आर्मचे बुश बाजारात मिळाले नाहीत, तेव्हा ते करून घेतले. मी वाळूजला टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. बजाजचा कारखाना 1985 मध्ये इथे आला आणि त्याच्या आजूबाजूला रबराचे, प्रेसचे, टर्निंगचे लहान-मोठे वर्कशॉप उभे राहिले. या शहरात जुनी गाडी बाळगण्याचं मोठं सुख हेच, की कुठलाही पार्ट ‘मिळत नाही’ म्हणून हात टेकावे लागत नाहीत. जुना बुश प्रेसवर दाबून बाहेर काढला, आतली आणि बाहेरची स्लीव्ह स्वच्छ केली, व्हर्नियरने मापं घेतली. रबर उन्हाने सुकून आकसलेलं असतं, म्हणून माप रबरावर न घेता त्याला धरून ठेवणाऱ्या लोखंडावर घ्यायचं. मग छोटी डाय केली आणि रबर थेट आतल्या स्लीव्हवर पकवून घेतलं. पॉलियुरेथेनचे बुश घाला, कायमचं काम होईल, असं बरेच जण सांगतात. ते टिकतात हे खरं, पण रस्त्याचा बारीकसारीक कंप सगळा स्टेअरिंगवर आणून देतात. या गाडीची मऊ चाल हाच तिचा थाट आहे. मी रबरच घातलं.

खरी गोष्ट यापुढची आहे. नवा बुश बसवला, की गाडी जॅकवर असतानाच नट आवळायचा मोह होतो, कारण पाना तेव्हा सहज फिरतो. छावणीतल्या ज्या उस्तादांकडे मी हे काम शिकलो, ते अशा वेळी पाना हातातून काढून घेत. “पहले गाडी को उसके पैर पे खडी करो, फिर कसो.” आर्म खाली लोंबत असताना नट आवळला, की बुशची आतली स्लीव्ह त्याच स्थितीत पकडली जाते. मग गाडी चाकांवर आली, की रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते काही महिन्यांतच फाटतं. म्हणून नट हाताने लावायचे, गाडी खाली घ्यायची, पुढून दोन-चारदा दाबून तिला तिच्या उंचीवर बसू द्यायचं, आणि मग खाली सरपटत जाऊन आवळायचं. अवघड आहे, कपडे खराब होतात. पण त्यानंतर क्रांती चौकापासून स्टेशनपर्यंत स्टेअरिंग दोन बोटांनी धरून जाता येतं.

दुसरं मोठं काम थंडाव्याचं. वेरूळला जाताना दौलताबादच्या तटाच्या दरवाजात एकेका गाडीने आत शिरावं लागतं. मे महिन्यात तिथे खोळंबलं, की टेम्परेचरचा काटा चढतो आणि लगेच पुढे खुलताबादचा घाट. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी गेलेलं होतं आणि क्षारांनी नळ्या बुजल्या होत्या. पितळी रेडिएटर रॉडिंग करून घेतला, त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरलं. मागे पत्र्याची आवरणपेटी केली, कारण तिच्याशिवाय पंखा फक्त आपल्या पात्यांसमोरची हवा ओढतो आणि जाळीचे कोपरे तापलेलेच राहतात. पट्ट्यावरचा पंखा काढून थर्मोस्टॅटवर चालणारा इलेक्ट्रिक पंखा लावला. गाडी उभी असतानाही तो पुरी हवा ओढतो.

तरुण पोरं येतात, त्यांची मागणी वेगळी असते. मागची दारं वेल्डिंग करून बुजवा, मधला खांब मागे सरकवा, अमेरिकन कूपे करून टाका. त्यांची हौस मला समजते. रेषा त्यांना बरोबर दिसलेली आहे. पण या गाडीला वेगळी चॅसी नाही. टप, खांब आणि तळ मिळूनच तिचा सांगाडा होतो, आणि मधला खांब टपाला तोलून धरतो, धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवतो. तो हलवायचा तर सगळं गणित नव्याने मांडावं लागतं, ग्राइंडर हातात आहे म्हणून ते जमत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, की आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. अशा कामाला मी हात लावत नाही आणि त्यांनाही लावू देत नाही. त्याऐवजी सीट थोडी मागे घेऊन, स्टेअरिंगचा खेळ काढून, एक फेरी मारायला देतो.

माझा नियम एकच: जे घातलं ते पाना घेऊन काढता आलं पाहिजे. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंद व्हायची तर गाडीला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं व्हावी लागतात, आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. माझ्या गाडीची पन्नाशी 2040 मध्ये आहे. जुना पंखा, त्याची पुली, मूळ बुशच्या स्लीव्ह, सगळं तेल लावून, चिठ्ठी बांधून माळ्यावरच्या पेटीत ठेवलेलं आहे. कुठला नट कुठल्या बाजूचा, तेही लिहिलंय, म्हणजे तेव्हा हे काम कुणाच्याही हातात गेलं तरी अडायला नको. सध्या पुढच्या काचेच्या रबराची डाय करायला घेतली आहे. जुन्या रबराचा एक तुकडा कोपऱ्याजवळ, सावलीत असलेल्या बाजूला, अजून मऊ सापडला. त्याचा छेद घेऊन मापं काढली आहेत. पाऊस लागायच्या आत काच बसवायची आहे.