एका टायरचा हिशोब

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकासाठी काहीतरी लिहून द्या असे सरांनी सांगितले, तेव्हा मैत्रिणींनी पाऊस, आई, आजोळ असे चांगले चांगले विषय भराभर उचलले. माझ्या वाट्याला टायर उरला. मोटारसायकलचा, मागच्या चाकाचा. वाचक हसतील, पण तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता, आणि ज्याने घरातल्या सर्वांची झोप उडवली तो विषय लिहिण्यालायक नाही असे मला वाटत नाही.

आमचे गाव सिन्नर तालुक्यातले. घरी गाई आहेत. अप्पा पहाटे उठून धारा काढतात आणि आमचे व चुलत्यांचे मिळून पन्नास लिटर दूध किटल्यांत भरून, गाडीला दोन्हीकडे अडकवून फाट्यावरच्या डेअरीत नेतात. डेअरी आठला बंद होते. आठनंतर नेलेल्या दुधाचे काय करायचे ते ज्याचे त्याने पाहावे. गाडी अकरा वर्षांची आहे आणि तिच्या मागच्या टायरचा पार गोटा झाला होता. नक्षीच्या खोबणीत तळाशी लहान लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलावा, असे मी वाचले होते. ते उंचवटे शोधायला बसले तर मुळात नक्षीच सापडेना.

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिलीच. त्यामुळे मोबाईलवरची सगळी कामे माझ्याकडे येतात. सातबारा काढणे, पीकविम्याचा अर्ज भरणे, विजेचे बिल भरणे. फाट्यावरच्या दुकानदाराने टायरचे एकवीसशे सांगितले, त्या रात्री आई म्हणाली, “फोनवर बघ ना गं, स्वस्त मिळतं म्हणतात.”

फोनवर १३९० ला टायर दिसला. माप तेच, २.७५-१८, म्हणजे रुंदी पावणेतीन इंच आणि रिमचा व्यास अठरा इंच. आई खूश झाली. पण मी कंदील घेऊन (लाईट गेली होती व फोनची बॅटरी संपत आली होती) गोठ्यात गेले आणि जुन्या टायरवरची पुसट अक्षरे बोटाने चाचपली. तिथे ४८पी होते, फोनवरच्या टायरला ४२पी. हे आकडे वजनाचे सांकेतिक क्रमांक आहेत. ४२ म्हणजे त्या एका टायरने १५० किलो पेलावेत, ४८ म्हणजे १८०. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. आमच्या शिवाररस्त्यावर त्या अक्षराची काळजी कोणी करू नये. पण अप्पा, पन्नास लिटर दूध आणि किटल्या यांचा भार बहुतेक मागच्याच चाकावर येतो. तो स्वस्त टायर पुढच्या चाकाचा होता. ४८ वाला १६४५ ला होता.

मग मी वहीत मांडणी केली. टायर १६४५, पाठवणावळ ८०. आमच्या पिनकोडला घरपोच नाही. सिन्नरच्या कुरियरच्या ऑफिसातून आणावा लागणार. मी रोज एस.टी.ने तिथेच येते, पण संध्याकाळच्या गाडीत दप्तर घेऊन उभे राहायला जागा नसते, तिथे गळ्यात टायर घालून चढलेली विद्यार्थिनी कंडक्टरला कितपत मानवली असती कोण जाणे. तेव्हा अप्पांच्या फेरीचे पेट्रोल, पंचेचाळीस रुपये. बाहेरून आणलेला टायर बसवायचे दुकानदार दीडशे घेतो. त्याच्याकडून घेतला तर बसवणे त्यातच. एकूण १९२०. म्हणजे फरक १८० रुपयांचा. एकशे ऐंशी रुपये ही आमच्याकडे हसण्यावारी नेण्याची रक्कम नाही. ढेपेच्या गोणीला तेवढेच कमी पडतात तेव्हा शेजारी जावे लागते.

परंतु फोनवाल्याला पैसे एकदम हवेत. हप्ते आहेत, पण त्यासाठी बँकेचे क्रेडिट कार्ड लागते, आणि आमच्या बँकेने अप्पांना आजवर पासबुकाखेरीज काही दिलेले नाही. आमचा दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. त्यातून ढेप वजा होऊन जे हातात येते त्यात एकरकमी दोन हजार बसत नाहीत. फाट्यावरच्या दुकानदाराची वही आहे. सातशे आज, सातशे पुढच्या पगाराला, राहिलेले त्याच्या पुढच्या. व्याज नाही. अर्थशास्त्राच्या तासाला पूर्ण स्पर्धेचा बाजार शिकवतात. त्यात सर्वांना सर्व भाव ठाऊक असतात. आता आम्हांला खरोखरच सर्व भाव ठाऊक झाले होते. पण ठाऊक असलेल्या भावाने घेता येण्यासाठी खिसा एका दिवशी भरलेला असावा लागतो, हे त्या धड्यात मला कुठे आढळले नाही.

म्हणून उधारीचा दुकानदार म्हणजे देवमाणूस, असेही मी म्हणणार नाही. रविवारी अप्पांबरोबर मी दुकानात गेले. शेठनी टायर काढून ठेवला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. मी ते वाचले: १४२३. म्हणजे २०२३ सालच्या चौदाव्या आठवड्यातला. रबर न वापरताही हळूहळू कडक होत जाते. मी विचारले, “याहून नवा नाही का?” शेठ अप्पांकडे पाहत राहिले, जणू प्रश्न अप्पांनी विचारला होता. मग पोऱ्याला माळ्यावर चढवले. तिथून ३१२५ आला, पण भाव तोच. तेव्हा मी करांचे बोलले. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. जुना कर धरून २१०० होत असतील, तर नवा धरून १९३५ च्या आसपास यायला हवेत.

“ताई, हा त्याच्या आधीचा माल आहे.”

“पण कर विक्रीच्या दिवशीचा लागतो ना?”

दुकानात हवा भरायला आलेली दोन माणसे होती, ती गप्प झाली. अप्पा बाहेर गाडीकडे गेले. गाडीला पाहण्यासारखे काही नव्हते.

शेठ रागावले नाहीत. त्यांनी आपलाच फोन काढून फोनवरच्या दुकानातला भाव मला दाखवला आणि म्हणाले, “या भावात नाशिकचा वितरक मलाच देत नाही, मी तुम्हांला कुठून देऊ?” हे मला खोटे वाटले नाही. तो पाच-दहा टायर आणतो. तिकडे हजारोंचा सौदा होतो. त्यात गाळ्याचे भाडे, पोऱ्याचा पगार, आणि आमच्यासारख्यांच्या वहीत अडकलेली रक्कम. शेवटी १९४० ठरले, पावतीसह. पावतीपुस्तक सापडायला बराच वेळ लागला. पोऱ्याने मात्र टामी घालून दहा मिनिटांत जुना टायर उतरवला, आतून रिमचा गंज घासला, ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली आणि नवा चढवला. जुना अप्पांनी मागून घेतला. मुरघासावरच्या प्लॅस्टिकवर वजन म्हणून ठेवायला.

परत येताना अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. ओढ्याजवळ म्हणाले, “आखाडात आजीला दवाखान्यात नेताना रात्री अकराला पंक्चर झाली होती. शेठनी झोपेतून उठून शटर उघडलं. पैसे घेतले नाहीत.”

“मग काय त्यांनी जुना टायर द्यायचा?”

“तसं नाही,” अप्पा म्हणाले. “पण चारचौघांत विचारलंस.”

मी उत्तर दिले नाही. एकांतात विचारले असते तर माळ्यावरचा टायर खाली आला असता का, याचा विचार मी अजून करते आहे. आईला मात्र हा प्रश्न पडलेला नाही. वाचलेल्या १६० रुपयांत माझ्या एस.टी. पासाला कमी पडणारे पैसे निघाले, असे तिने घरी पोचताच जाहीर केले.

दुसरा हप्ता गेल्या पगाराला मी स्वतः नेऊन दिला. शेठनी वहीत खूण केली आणि विचारले, “आता पुढच्या टायरचं कधी?” मी पाहून ठेवले आहे, त्याच्यावर ०९१९ आहे. अप्पा म्हणतात, अजून दिवाळीपर्यंत निघेल.