चांदी खरी, साल खोटं

खामगावच्या चांदीची ख्याती महाराष्ट्रभर आहे. तिथल्या पेढीवर जुना रुपया नेला तर निवाडा दोन मिनिटांत होतो. काट्यावर 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर तोळा, भरला. फरशीवर टाकल्यावर खणकन वाजला. कसाला उतरला, की झालं. मोडीला एवढं पुरतं. संग्राहक एवढ्यावर थांबला तर मात्र बुडालाच, कारण नकली माल करणाऱ्यालाही या कसोट्या तोंडपाठ असतात.

सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया घ्या. चांदी 91.7 टक्के. पुढच्याच वर्षी सरकारने ती 50 टक्क्यांवर आणली, जुने रुपये आटवले गेले आणि 1939 चे अगदी थोडे उरले. 1938 चे मात्र आजही बऱ्यापैकी मिळतात. मग 8 च्या खालच्या गोलाची डावी बाजू खरवडून त्याचा 9 करायचा. वजन तेच, आवाज तोच, कस तोच! नाणं टांकसाळीतलंच आहे, खोटा आहे तो एक आकडा. म्हणून मी भिंगातून आधी आकडा पाहत नाही, त्याच्या भोवतालची सपाट जागा पाहतो. हातोहात फिरलेल्या नाण्याची झीज मऊ असते. हत्यार फिरलं तिथे बारीक ओरखडे आणि वेगळीच चकाकी येते. ती लपवायला तेवढीच जागा काळी करतात. साल तेवढं काळं आणि बाकी नाणं उजळ दिसलं, की मी ते परत सरकवतो.

शिवराईचा मामला याच्या उलट. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. तांबं स्वस्त, त्यामुळे धातूत खोट करायची कुणाला गरजच नाही. शिवराई हाताने ठोकलेली: कुठे ‘श्री’ काठाबाहेर गेलेली, कुठे कड फाटलेली. हा वेडेवाकडेपणाच तिची साक्ष. ओतीव नकलेत तोही जसाच्या तसा उतरतो, पण मग तो प्रत्येक नगात उतरतो. एकाच ठशाच्या दोन अस्सल नाण्यांत ठशातला दोष सारखा येईल; कडेची चीर आणि झीज सारखी येणार नाही. म्हणून विकणाऱ्याला मी नेहमी विचारतो, ‘अजून आहेत का हो?’ तो खुशीत पुरचुंडी सोडतो, आणि दोन शिवराया शेजारी ठेवल्या की एकच चीर दोघींना एकाच जागी दिसते.

12 जानेवारीला जिजाऊ जयंतीला सिंदखेड राजात दुकानं लागतात. अशा ठिकाणी शिवराईची प्रतिकृती कुणी गळ्यात घालायला घेतली तर त्यात गैर काहीच नाही. गैर घडतं ते नंतर, तीच चिंच-मिठात घोळवून, मातीत पुरून बाजारात येते तेव्हा. 1818 साल घातलेली, राम-सीता-हनुमानाची ‘कंपनी सरकारची’ नाणी तर याहून धीट. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत, म्हणजे ज्याची नक्कल म्हणावी ते अस्सलच नाही. ‘तांदूळ ओढून घेतात’ असं सांगून ती लाखांत खपवणारे महाभाग निघतात, आणि घेणारेही. परदेशी कंपन्या नाणं पारखून, प्रत ठरवून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. आता त्या डब्याही नकली निघू लागल्यात. आमच्याकडे येतं ते बहुतेक सुटंच नाणं.

सुट्या नाण्याबरोबर एक गोष्ट हमखास येते: ‘नांगरताना शेतात सापडलं, भाऊ.’ ही गोष्ट खोटी असेल तर नाण्यावरचाही विश्वास उडतो. खरी असेल तर पंचाईत अधिक. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तेव्हा गोष्ट खरी असो वा खोटी, तो माल मला घेता येत नाही. मी तेवढंच सांगतो, ‘दादा, बुलढाण्याला कलेक्टर कचेरीत कळवा, अर्ज मी लिहून देतो.’ अर्ज लिहायला अजून कुणी थांबलेलं नाही.