भाईचे मार्क

भावाभावांतल्या चुरशीचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक आदमच्या दोन मुलांची, हाबील आणि काबीलची. दुसरी हजरत यूसुफ आणि त्यांच्या भावांची. पहिलीत खून आहे, दुसरीत विहीर आहे. राग मात्र दोन्हींत एकाच जागी जन्मतो. त्याचं कबूल झालं, माझं झालं नाही. बापाचा जीव त्याच्यावर, माझ्यावर नाही. लहानपणी मशिदीत शिकायला जायचो तेव्हा आमचे मौलवीसाहेब ही दुसरी गोष्ट फार रंगवून सांगत. पण यूसुफ हे धाकट्यांपैकी होते, एवढं मात्र भरभर उरकून पुढं जात. मौलवीसाहेब स्वतः घरात थोरले असावेत, असा माझा तेव्हा पक्का समज होता.

मी धाकटा. भाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि आम्हा दोघांच्या वर आपा. अब्बा लोणावळा स्टेशनात पॉइंट्समन होते. राहायला रेल्वेची चाळ, आणि मळवलीपासून आत एका गावात दादांच्या वेळची पन्नास गुंठे भातजमीन. पगारावर घर चाले आणि भातावर वर्षाचं खाणं निघे.

धाकट्याच्या वाट्याला थोरल्याचं उतरलेलं सगळं येतं, हे काही नवं नाही. भाईचा रेनकोट माझ्याकडं आला तेव्हा त्याच्या बगलेत भोक होतं, आणि लोणावळ्याच्या पावसाला तेवढं भोक पुरतं. पण कपड्यांचं मला फारसं वाटलं नाही. खरी अडचण पुस्तकांची होती. भाईला पेन्सिलीनं पुस्तकातच उत्तरं लिहायची सवय. मी जे पान उघडावं त्यावरच्या सगळ्या गाळलेल्या जागा आधीच भरलेल्या, आणि त्याही बरोबर. गणित मी स्वतः सोडवलं तरी गुरुजींना ते उतरवल्यासारखं दिसे. खोडरबर घासून घासून मी पानं फाडली, पण त्याचं अक्षर दाबून काढलेलं. कागदावर त्याचा वळ राहायचाच.

त्या काळी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला आणि सातवीला असे. (पुढं २०१६-१७ पासून काही वर्षं ती पाचवीला आणि आठवीला होती.) भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता असे पेपर. हातात पडणारे पैसे थोडेच, पण शाळेच्या फळ्यावर नाव लागे आणि ते बरेच दिवस पुसलं जात नसे. सातवीच्या परीक्षेत भाईचं नाव १९८१ साली लागलं. तेव्हापासून मी सातवीत जाईपर्यंतची तीन वर्षं माझं नाव 'त्याचा भाऊ' एवढंच राहिलं. वर्गावर नवे गुरुजी आले तरी हजेरी घेताना आडनावापाशी थांबत, वर बघत आणि विचारत, "त्याचा भाऊ ना तू?" हो म्हणायला लागे. या प्रश्नाला दुसरं उत्तर नव्हतं.

आम्हा दोघांत कशाचीही शर्यत लागायची. मे महिन्यात करवंदं पिकली की अब्बांची नजर चुकवून आम्ही पानांचे द्रोण घेऊन फलाटावर जायचो. भाई पहिल्या वर्गाच्या डब्यांकडं जाई, कारण तिथं सुटे पैसे परत मागत नाहीत, असा त्याचा शोध. मी साध्या डब्यांकडं. माझे द्रोण जास्त खपत, त्याचे पैसे जास्त होत. मग जिंकलं कोण, यावर घरी जेवण होईपर्यंत वाद.

दुसरा वाद बँकरचा. मुंबईकडून येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, हे आपल्यापैकी पुण्या-मुंबईला ये-जा करणाऱ्यांना माहीत असेलच. बोरघाटाचा चढ सदतीसाला एक. म्हणजे सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. एकट्या पुढच्या इंजिनाला तो झेपत नाही. मागचे बँकर गाडी ढकलत लोणावळ्यापर्यंत आणतात आणि तिथं सुटतात. भाई म्हणे, खरं इंजिन पुढचं, रस्ता तेच काढतं. मी म्हणे, मागचं नसेल तर पुढचं खंडाळ्यालासुद्धा पोचणार नाही. हा वाद इंजिनांचा नव्हता, हे अम्मीला कळायचं. ती भाकरी थापता थापता हसायची. एकदा आम्ही अब्बांनाच पंच केलं. रात्रपाळी करून आलेला माणूस, डोळे लाल. ते म्हणाले, "आगे का बंद पडो या पीछे का, मेरी ड्यूटी डबल. अब सोने देव."

१९८४ साली सातवीच्या शिष्यवृत्तीत माझंही नाव लागलं. धावत स्टेशनावर गेलो. अब्बांनी पाठीवरून हात फिरवला, सोबत्यांना सांगितलं, चहा मागवला. मग सहज विचारलं, "भाई के कितने थे?" भाईचे माझ्यापेक्षा जास्त होते. हे अब्बांनाही पाठ होतं आणि मलाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मोजायला त्यांच्याकडं एकच माप होतं आणि ते त्यांनी लावलं.

पुढं डी. एड. ला गेलो तेव्हा अ‍ॅडलर वाचायला मिळाला. आल्फ्रेड अ‍ॅडलर, व्हिएन्नाचा मानसशास्त्रज्ञ, जन्म १८७०चा. त्याचं म्हणणं असं की दुसरं मूल जन्मभर शर्यतीत असल्यासारखं वागतं, कारण त्याच्या पुढं सदैव कुणीतरी धावत असतं. आणि पहिल्या मुलाचं दुःख वेगळं, त्याची गादी एक दिवस न विचारता काढून घेतलेली असते. गंमत म्हणजे अ‍ॅडलर स्वतः दुसरा. त्याच्या थोरल्या भावाचं नाव सिग्मंड. आणि मोठेपणी १९११ साली ज्याच्याशी भांडून तो बाहेर पडला त्या फ्रॉइडचंही नाव सिग्मंडच. मी ते वाचून वसतिगृहात एकटाच हसत बसलो होतो.

आता मावळातच जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना शिकवतो. भावांच्या जोड्या वर्गातून जात असतात. म्हणून या विषयावरचं काही दिसलं तर वाचतो. २००७ साली नॉर्वेमधल्या संशोधकांनी सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या दोन लाखांहून अधिक तरुणांचे बुद्ध्यांक ताडून पाहिले. थोरल्यांचे सरासरीनं दोनेक गुण जास्त निघाले. पण ज्या घरात थोरलं मूल लहानपणीच वारलं होतं आणि दुसरा थोरला म्हणून वाढला, तिथं दुसऱ्याचेही गुण थोरल्याएवढेच. म्हणजे फरक जन्माच्या क्रमानं पडत नाही, घरातल्या जागेनं पडतो. आणि तो फरकही केवढा, तर दोन गुणांचा. एवढ्यासाठी आम्ही तीन वर्षं एकमेकांच्या वह्या लपवत होतो.

त्या संशोधनातली आणखी एक गोष्ट मला खुपली. मोजणी सैन्यभरतीतली, म्हणून सगळे मुलगेच. मुली त्यात नव्हत्याच. आमच्या घरातही नेमकं असंच. भाईला आणि मला बुद्धिमत्तेच्या पेपरची तयारी करून घेतली ती आपानं. आकड्यांची मालिका तिच्यासमोर ठेवा, पुढचा आकडा ती पीठ मळता मळता सांगायची. तिची शाळा सातवीलाच सुटली. तिचा शिष्यवृत्तीचा फॉर्म कुणी भरला नाही. शाळेनंही नाही आणि घरानंही नाही. फळ्यावरच्या जागेसाठी भांडणारे आम्ही दोघं, आणि आमच्याहून हुशार तिसरी चुलीपाशी. ती भांडणात नव्हती, म्हणून तिला 'समजूतदार' म्हणत.

भाई बारावीनंतर रेल्वेतच लागला. मी मास्तर झालो. मार्कांचं भांडण तिथं संपलं असतं. पण २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा सुरू झाला आणि मावळातल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. ज्या खाचरांत आम्ही इरलं घेऊन लावणी केली त्यांच्याकडं दलाल गाडीतून उतरून बघू लागले. गावोगाव भाऊबंदकी सुरू झाली. गावातच एक भावांची जोडी होती, आमच्या लहानपणी सगळे त्यांचा दाखला द्यायचे. कधी आवाज चढवलेला नाही, एका ताटात जेवलेले. ते दोघं वर्षानुवर्षं तारखांना वडगावच्या कोर्टात दोन बाकांवर बसलेले मी पाहिले आहेत. जे कधीच भांडले नव्हते त्यांना भांडण कुठं थांबवायचं ते माहीत नव्हतं, असं माझं मत आहे. पटेल त्यानं घ्यावं.

अब्बा २००४ साली गेले. अम्मी त्यांच्या आधीच गेली होती. चाळिसावा झाल्यावर गावातले दोघे-चौघे येऊन बसले. सल्ला एकच : आपाकडून हक्कसोडपत्र घ्या, मग पुढचं सोपं. आपल्या समाजात हे किती घरांत होतं ते वाचकांना मी सांगायला नको. नमाजाची वेळ आपण शरीयतीप्रमाणं पाळतो, जमिनीच्या वेळी मात्र 'गावची रीत' आठवते. हिशेब तर सरळ होता. दोन भाऊ, एक बहीण, पाच हिस्से. भाईला वीस गुंठे, मला वीस, आपाला दहा.

भाईनं सगळ्यांसमोर सांगितलं, "आपा का हिस्सा पहले निकालेंगे. और वो ओढे के बाजू का." ओढ्याकाठची खाचरं म्हणजे सगळ्यांत चांगली. त्यानं असं म्हटल्यावर मला गप्प बसवेना. म्हटलं, ओढ्याकाठचा तुकडा माझ्या बाजूला लागून आहे, तो मीच देतो. भाई म्हणाला, थोरला मी आहे. मी म्हटलं, म्हणून काय प्रत्येक वेळी तूच? आवाज चढले. सल्ला द्यायला आलेली माणसं चहा अर्धा टाकून एकमेकांकडं बघू लागली. बहिणीला कमी देण्यावरून भांडणं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. ही तऱ्हा त्यांना नवी होती.

शेवटी आपा आतून बाहेर आली. "तुम दोनों का फिर शुरू?" तिनं सोल मागवला, पदर खोचला आणि बांधावर जाऊन स्वतः दहा गुंठे मोजून घेतले. ओढ्याकाठचे पाच, मधले पाच. आमच्या दोघांच्याही वाट्यातून सारखे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, त्यामुळं कागदावर वेगळे तुकडे पाडायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिघांची नावं लागली आणि जमिनीवर बांध पडले. सगळं एका दुपारी झालं. दलाल अजून येतात. तिघांच्या सह्या लागतात म्हटल्यावर जातात.

आपा आता तळेगावला असते. लावणीला आणि काढणीला लोकलनं मळवलीला उतरते आणि वाटेकऱ्याच्या मागं उभी राहते. इंद्रायणी लावते. हे भाताचं वाण आमच्या वडगावच्याच संशोधन केंद्रातलं, १९८७ सालचं. खताचा, मजुरीचा, पोत्यांचा हिशेब तिच्या वहीत असतो. भाई रिटायर झाल्यापासून त्याचीही वही आहे, आणि माझी तर मास्तराचीच.

गेल्या काढणीनंतर आपाचा फोन आला. गुंठ्यामागं तिचं भात किती उतरलं ते तिनं सांगितलं आणि ठेवून दिला. माझ्यापेक्षा जास्त होतं. तेवढ्यात भाईचा फोन. सलाम नाही, तब्येत नाही.

"तुझं किती?"