गाडी कोणाच्या नावे?

व्यापारी माणसाला ‘नावे’ हा शब्द लहानपणापासून ठाऊक असतो. खातेवहीत एका बाजूस ‘जमा’, दुसऱ्या बाजूस ‘नावे’; आणि ज्याच्या नावे रक्कम पडली, तो ती फिटेपर्यंत मोकळा होत नाही. वाहनाच्या बाबतीतही हाच न्याय चालतो. तरीही पैसे मोजले, किल्ली हाती आली, नारळ फोडला, की व्यवहार पूर्ण झाला असे आपण समजतो. सरकारी वहीत मात्र ते खाते उघडेच असते.

वरवट बकालसारख्या गावात जुन्या गाडीचा व्यवहार ही नित्याची गोष्ट आहे. संग्रामपूर तालुक्यातील आमचा हा भाग सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला. कापूस, तूर, सोयाबीन न्यायचे आणि किराणा, खत, बियाणे आणायचे, तर शेगाव, खामगाव, अकोला या वाटा रोजच्याच. प्रत्येकाला नवी पिकअप परवडत नाही. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचाव्यात: एमएच-२८ बुलढाण्याची, एमएच-३० अकोल्याची, एमएच-१९ जळगावची आणि मधूनच डोंगरापलीकडच्या बऱ्हाणपूरची एमपी-६८. यांतील किती गाड्या चालवणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर असतील, हे सांगणे कठीण आहे. आपल्याकडे मूळ मालकाच्या सह्या घेतलेले कोरे ‘टीटी’चे कागद गाडीबरोबरच हातोहात फिरतात. दुसरा मालक ते तिसऱ्यास देतो, तिसरा चौथ्यास. नाव मात्र पहिल्याचेच राहते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५० या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. गाडी त्याच राज्यात विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावे. परराज्यात विकली, तर ही मुदत ४५ दिवसांची. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव लावून घ्यावे. फॉर्म २९ हा विक्रीची सूचना देण्यासाठी आणि फॉर्म ३० हा हस्तांतरणाच्या अर्जासाठी. म्हणजे हे कर्तव्य दोघांचेही आहे. ‘आता ज्याची गाडी त्याने पाहावे’ असे म्हणून विकणाऱ्यास अंग काढून घेता येत नाही.

असे अंग काढून घेणाऱ्याचे काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालातून दिसते. एका गृहस्थांनी २००७ मध्ये आपली मारुती-८०० विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली; नोंदणीत नाव मात्र पहिल्याच गृहस्थांचे होते. मे २००९ मध्ये ती गाडी मागे घेतली जात असताना अपघात होऊन एकाचा मृत्यू झाला. उच्च न्यायालयाने शेवटच्या ताबेदारास जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि नोंदणीत ज्यांचे नाव होते त्यांच्यावरच भरपाईचा भार टाकला. ज्याच्या घरचा माणूस गेला, त्याने गाडी किती हातांतून फिरली याचा माग काढत बसावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, ही त्यामागील भूमिका. ज्यांनी गाडी दोन वर्षांपूर्वीच विकून टाकली होती, त्यांच्या नावे ही रक्कम पडली.

हा निकाल माझ्या मनात होता म्हणून गेल्या वर्षीचा एक प्रसंग मी जरा निराळ्या दृष्टीने पाहू शकलो. दुकानासाठी जुनी पिकअप घ्यावयाची होती. शेजारच्या तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाची गाडी पुतण्याने पाहून ठेवली. गाडी उत्तम, किंमत रास्त. आर.सी. बुकावर ज्यांचे नाव होते, ते गृहस्थ दीड वर्षापूर्वी निवर्तले होते. थोरल्या मुलाने पिशवीतून कागद काढले आणि अगदी सहज म्हणाला, “शेठजी, बाबानं जितेपणीच सह्या करून ठेवल्या होत्या. तारीख तेवढी टाका.”

मध्यस्थही म्हणाला की, असेच चालते, आठ दिवसांत काम होऊन जाईल. मुलाच्या मनात कपट नव्हते. पेरणी तोंडावर आली होती आणि घरात पैशांची निकड होती. परंतु त्या कागदावर आजची तारीख घालणे म्हणजे मृत माणसाने आज सही केली असे लिहून देणे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केली आहे. ती याहून वेगळी काय असते? व्यावहारिक बाजूही तितकीच कठीण होती. पुढे कोणी वारस उभा राहिला असता, तर माझ्या हाती पुरावा म्हणून केवळ एक खोटा कागद उरला असता.

मी त्यास म्हटले, “दादा, गाडी घेतो, भावही मोडत नाही. पण आधी ती तुमच्या घरात कोणाच्या तरी नावावर येऊ दे.” इसाराची रक्कम पावतीवर लिहून त्याच दिवशी दिली, म्हणजे बी-बियाणे अडू नये. उरलेली रक्कम नाव बदलल्यावर द्यावयाची, असे ठरले.

मालक निवर्तल्यावर वारसाने ३० दिवसांत कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ वर अर्ज करून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. त्या घराच्या दोन्ही मुदती केव्हाच उलटल्या होत्या. त्यामुळे विलंबाचा भुर्दंड भरावा लागला. त्याहून अवघड होते ते इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ आपल्या समाजासही लागू आहे आणि त्या कुटुंबासही. त्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई असे सर्व प्रथम वर्गाचे वारस ठरतात. मुलगा म्हणाला, “बहिणीचं काय काम? तिचं लग्न झालं.” मी एवढेच सांगितले की, तिची सही नसेल, तर माझा व्यवहार नाही.

ती आली. वडिलांची गाडी विकली जात आहे, हे तिला त्या दिवशीच कळले होते. तिने कागद पूर्ण वाचला, किंमत विचारली आणि मग सही केली. आजींनी अंगठा दिला. विक्रीच्या रकमेचे त्यांनी आपसांत काय केले, हा त्यांच्या घरचा प्रश्न; परंतु विक्री झाली ती सर्वांच्या देखत.

आणखी एक अडथळा पुढे आला. गाडीचे कर्ज फिटून तीन वर्षे झाली होती, तरी आर.सी. बुकावरचा बोजा तसाच होता. कर्ज फिटले म्हणून बोजा आपोआप उतरतोच असे नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र आणि तिच्या सहीचा फॉर्म ३५ सादर केल्यावरच तो नोंदणीतून निघतो. बुलढाण्याच्या फेऱ्या धरून हे सारे पुरे व्हायला अडीच महिने लागले. नाव बदलले त्या दिवशी मी उरलेली रक्कम चुकती केली.

विम्याचेही असेच आहे. गाडी विकली की तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे येतो. पण त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. आपल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र असे आपोआप येत नाही. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर आणि गाडी आपल्या दारात, अशा अवस्थेत गाडी उलटली, तर दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून जाण्याची भीती असते.

एमपी-६८ ची गाडी स्वस्त मिळते म्हणून अनेकांना मोह होतो. तेथील नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हाती असल्याविना इसारही देऊ नये. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची, तर तिला महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील करही भरावा लागतो. तो कर किमतीत मिळवून मगच गाडी स्वस्त की महाग ते ठरवावे.

जुन्या गाड्यांच्या दुकानातून खरेदी करणाऱ्यांसाठी एक चांगला बदल झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, नोंदणीकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना कार्यालयास गेली की, तो विक्रेता तिचा मानीव मालक ठरतो. म्हणून विक्रेत्याकडे अधिकृतपत्र आहे काय, हे प्रथम विचारावे.

शेवटची तपासणी स्वतःच्या डोळ्यांनी करावी. चेसिसवर आणि इंजिनवर कोरलेला क्रमांक आर.सी. बुकाशी अक्षरशः जुळवावा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला क्रमांक दिसला, तर भाव कितीही उतरो, उठून यावे. चोरीच्या वाहनांची नोंद ‘वाहन समन्वय’ या सरकारी सुविधेवर तपासता येते. थकलेले चलन आणि बोजा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर दिसतो. चोरीचा माल घेणे, म्हणजे ‘तदाहृतादान’, हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे, हे वाचकांना सांगावयास नको. मात्र ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याआधी ठाऊक करून घेण्याचा प्रयत्न केला होता काय, हेही विचारले जाते.

दिवाळीस वहीपूजनाच्या तयारीत आपण घरातील सर्व वह्या बाहेर काढतो. त्यांच्यासोबत प्रत्येक वाहनाचे आर.सी. बुकही पाटावर ठेवावे. दिवंगत वडिलांच्या वा काकांच्या नावावर एखादी गाडी अजून असेल, तर ती वारसाच्या नावावर करून घ्यावी. आपल्या स्वतःच्या गाडीस नामनिर्देशित व्यक्तीचे नाव द्यावे. ही सोय २०२१ पासून आहे. मग विकलेल्या गाड्यांची यादी करावी आणि ज्यांनी अजून नाव बदलून घेतलेले नाही, अशा प्रत्येक खरेदीदारास लाभपंचमीपूर्वी निरोप धाडावा.