वारा नसताना हललेलं पान

हरियल मी पहिल्यांदा पाहिला तो मेलेला. मीच मारलेला.

आजोळ पाचवडजवळ. तिथून म्हसव्याचा वड चालत जाण्याच्या टप्प्यातला. वैराटगडाच्या पायथ्याच्या त्या वडाचा घेर 1882 साली मोजला तेव्हा 1587 फूट भरला होता, हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की सुट्टीत तिथं सावली असते आणि बेचकीला काम मिळतं. साल 1978. मी अकरा वर्षांचा.

पारंब्यांच्या जाळीत काहीतरी हिरवं हललं, मी खडा सोडला आणि ते धप्पकन खाली आलं. गुरं वळणारे मामा शेजारीच पाय पसरून बसले होते. रक्ताचे कुणी नव्हेत. अख्खं गाव त्यांना मामाच म्हणे.

"हरेल मारलास व्हय रं?"

मी छाती फुगवून पाखरू त्यांच्या हातात दिलं. अजून ऊबदार होतं. पाय हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेधमक, खांद्यापाशी फिकट जांभळा डाग, डोळ्यात निळं कडं आणि त्याबाहेर गुलाबी. हाताळलं तशी पिसं सुटून बोटांना चिकटत होती. मामांनी विळ्याच्या टोकानं गळ्याची पिशवी उघडली. वडाची लाल फळं अख्खीच्या अख्खी बाहेर आली. मग पेटा चिरला, तर आत नुसता भरडा.

"जात्यागत दळतंय बघ," मामा म्हणाले. मग सहज बोलल्यासारखं, "आत्ता पिलांचं दिस. नर-मादी दोघं आळीपाळीनं घरट्यावर बसत्यात. ह्यो कोण, बाप का आई, काय म्हाईत."

ते पाखरू आम्ही भाजून खाल्लं. चव मला आठवत नाही.

मामांनी मला रागावायला हवं होतं, असं पुढं कित्येक वर्षं वाटत राहिलं. त्यांनी त्याहून अवघड शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूला उठवून वडाखाली नेलं आणि म्हणाले, "एक मारलास. आता मोज, किती ऱ्हायलीत."

मला एकही दिसेना. हरियल हिरव्यात हिरवा होऊन बसतो. चाहूल लागली की थवाच्या थवा पुतळ्यासारखा थिजतो. पारव्यासारखं घुमणं नाही की कावळ्यासारखी कटकट नाही. बोलला तर कुणी गडी वाटेनं शीळ घालत चालल्यासारखी मऊ, वळणावळणाची शीळ, आणि ती कुठून आली हे कळायच्या आत थांबते. मामांनी गुपित सांगितलं: पाखराकडं बघू नकोस, पानाकडं बघ. वारा नसताना पान हाललं की तिथं हरेल. मग वरून टपकणारी फळं बघ. जिथून टपकतात तिथं दुसरा.

उन्हं वर येईतो मी सतरा मोजले. शेवटी मामांनी एका आडव्या फांदीवरचं घरटं दाखवलं. चार काटक्या कशाबशा एकमेकींवर टाकलेल्या, खालून दोन पांढरी अंडी दिसावीत इतकं विरळ. पिलू निघालं की आई आणि बाप दोघंही त्याला गळ्यात तयार होणारं दूध पाजतात, ही कबुतरांच्या सगळ्या गोताची रीत मी पुढं पुस्तकात वाचली. पुस्तक मिटून ठेवलं आणि तो पेटा आठवला.

मामांची एक गोष्ट मात्र खोटी निघाली. हरेल जमिनीला पाय लावत नाही, पाण्याला उतरला तरी पायात काटकी धरून उतरतो, असं ते शपथेवर सांगायचे. ही समजूत फार जुनी आहे, उत्तरेतही आहे. नोकरीनिमित्त मी मिरजेला आलो. तिथं एका उन्हाळ्यात कालव्याच्या काठावर तीन हरियल उतरलेले पाहिले. काटकी नव्हती. चोच बुडवून, मान वर न करता, ढोरासारखं सलग पाणी ओढत होते. पुढच्या खेपेला मामांना हे सांगितलं. ते तंबाखू मळत राहिले. "तान लागल्यावर कोन शपथ पाळतंय?"

हरियल म्हणजे आपला राज्यपक्षी. शाळेच्या पुस्तकात चित्र असतं, पण झाडावरचा ओळखणारे थोडे. कोयनेच्या दाट रानात याचा एक भाऊबंद आहे, राखी कपाळाचा. नराची पाठ गडद तांबूस, पाय लाल. आपला पिवळ्या पायांचा मात्र रानाइतकाच रस्त्याकाठच्या वड-पिंपळ-उंबरांवर जगतो. पक्षी वडाची फळं खातात आणि बिया पेरून ऋण फेडतात, असं लिहायची पद्धत आहे. बुलबुल, साळुंकी, धनेश यांच्या बाबतीत ते बरोबर. हरियलाचा पेटा मात्र पुष्कळशा बियांचं पीठ करतो. तो खातो आणि फेडत नाही. मला तो अधिकच जवळचा वाटतो तो यासाठी.

2020 साली मिरज तालुक्यातल्या भोशाचा, यल्लम्मा मंदिराजवळचा वड महामार्गात जाणार अशी बातमी आली. लोक चारशे वर्षांचा म्हणत. लोक उभे राहिले, आराखडा बदलला, वड वाचला. मी पहाटे जाऊन खाली बसलो. वारा नव्हता. पंधरा मिनिटांनी एक पान हाललं. नऊ मोजले. दोन वर्षांनी, 2022 साली, तो वड आपसूक कोसळला. मामा त्याच्या कितीतरी आधी गेले होते, त्यामुळे ही बातमी सांगायला कुणी उरलं नव्हतं.

म्हसव्याचा वड आहे. साताऱ्याहून वाईकडं जाताना पाचवडला थोडी वाट वाकडी करा. उन्हाळ्यात, फळं लालभडक असताना, उजाडायच्या आत पोचा. मोबाईल खिशात ठेवा आणि मोजा. सतरापेक्षा जास्त भरले तर मला जरूर कळवा.