घेऊन या, पण बाळगू नका

गेल्या विधानसभेच्या वेळी माझ्यासाठी सरकारचे दोन हुकूम होते. एक माझ्या खिशात: आपल्याकडील परवानाप्राप्त अग्निशस्त्र तात्काळ पोलीस ठाण्यात जमा करावे. दुसरा एका फौजदाराच्या मोबाइलमध्ये: आचारसंहितेच्या काळात कोणीही शस्त्र बाळगू नये, सोबत घेऊन फिरू नये. जमा करायचं तर ठाण्यापर्यंत न्यायचं कसं, हे दोन्हींत कुठं नव्हतं. त्यावरून माझी एक अख्खी रात्र बाकड्यावर गेली. आज आठवलं तरी डोकं तापतं.

मी हट्ट्याचा, वसमत तालुका, जिल्हा हिंगोली. मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झालो. गाव मेजर म्हणतं, आता कोणाकोणाला समजावणार. थोडे दिवस हळद करून पाहिली, मग नांदेडला एका एजन्सीत गनमन म्हणून लागलो. बंदूक माझी स्वतःची, दोन नळ्यांची बारा बोअर. गनमनच्या नोकरीत बहुतेक ठिकाणी बंदूक ज्याची त्यानं आणायची असते, हे लोकांना खरं वाटत नाही. परवान्यावर पत्ता हट्ट्याचा, म्हणून जमाही हट्ट्याच्या ठाण्यातच करायची.

१५ ऑक्टोबर २०२४ ला निवडणूक जाहीर झाली आणि पाठोपाठ ठाण्यातून निरोप आला. रजा मिळेना. एका संध्याकाळी ड्यूटी उरकून मोटारसायकलवर निघालो. नळी वेगळी केली, दस्ता वेगळा, दोन्ही कव्हरमध्ये, काडतुसं दुसऱ्या पिशवीत. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी बंदूक झाकूनच न्यावी लागते, उघडी मिरवता येत नाही.

वाटेत एका धाब्यावर थांबलो. लघवीला, आणि मग चहाला. इथं मेख आहे. बंदूक गाडीला बांधून सोडली आणि कोणी उचलून नेली, तर निष्काळजीपणा माझा. धाबेवाल्याला ‘मालक, जरा बघा’ म्हणून देता येत नाही, परवाना माझ्या नावावर आहे, त्याच्या नाही. म्हणजे ती खांद्याला लावून मुतारीत जायचं आणि खांद्याला लावूनच चहा प्यायचा. तसंच केलं. समोरच्या बाजेवरच्या मंडळींचं जेवण थांबलं. कव्हर असलं तरी आकार लपत नाही आणि माझ्या मिशा बघून त्यात तंबोरा असेल असं कोणी समजणार नाही. कोणीतरी ११२ लावला. चहा संपायच्या आत गाडी हजर.

फौजदार माझ्या थोरल्याच्या वयाचा. मी न मागता परवाना काढून दिला. त्यानं बंदूक जोडायला लावली, मोडून नळीला डोळा लावून ट्यूबलाइटकडं पाहिलं. मग बंदुकीवरच्या नंबराच्या एकेक आकड्यावर बोट ठेवत परवान्याशी ताडून बघितलं. काडतुसं टेबलावर पितळेच्या बुडावर उभी करून मोजली. सगळं जुळलं. मला वाटलं, सुटलो.

“आचारसंहिता लागलीय. हत्यार बाळगायला बंदी आहे, माहीत नाही?”

“म्हणूनच जमा करायला चाललोय, साहेब. हे पत्र.”

“जमा ठाण्यात करायचं असतं. धाब्यावर काय करताय?”

“ठाणं वसमतच्या पुढं आहे, साहेब. नांदेडातून थेट उडी मारू का?”

हे त्यांना झोंबलं. मोबाइल काढून त्यांनी कलम १६३ चा आदेश दाखवला. पूर्वी १४४ म्हणायचे, ते आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय. मी म्हटलं, हत्यार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसानं मागितल्यावर परवाना दाखवला नाही तर हत्यार ताब्यात घेता येतं, मी तर आधीच दाखवलाय. “आम्हाला कायदा शिकवू नका,” म्हणाले आणि मला गाडीत बसवून त्यांच्या ठाण्यात नेलं. मागून एक शिपाई माझी मोटारसायकल घेऊन आला.

गुन्हा नाही, अटक नाही, नुसती चौकशी. हट्ट्याच्या ठाणे अंमलदारांना मी स्वतः फोन लावून दिला. ते म्हणाले, होय, आम्हीच बोलावलंय त्यांना. तर फौजदार म्हणाले, लेखी पाठवा. रात्री अकराला कोण लेखी पाठवणार? पन्नाशीचा हवालदार चहा घेऊन आला आणि म्हणाला, “मेजर, तुमचं बरोबर आहे. पण साहेबांचंही बरोबर आहे.” असल्या माणसाशी भांडताही येत नाही. समोरच्या टेबलावर माझी बंदूक आडवी पडलेली, येणारा-जाणारा तिच्याकडं बघून मग माझ्याकडं बघायचा. इतकी वर्षं नोकरी केली, पहाऱ्यावर रात्री काढल्या, पण आपल्यावर पहारा कधी बसला नव्हता.

सकाळी डायरीला नोंद झाली, माझी सही घेतली आणि बंदूक परत माझ्याच खांद्यावर दिली. “सरळ जा, कुठं थांबू नका.” बंदूक तीच, परवाना तोच, रस्ता तोच, बंदीचा आदेशही तोच. रात्री नऊला जे चालत नव्हतं ते सकाळी सातला कसं चाललं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. हट्ट्यात जमा करून पावती घ्यायला फार वेळ लागला नाही. जमा करा म्हणणाऱ्या पत्रातच ‘जमा करण्यासाठी नेण्यापुरती हीच परवानगी’ एवढी ओळ घातली तर काय बिघडेल? तसा अर्ज मी दिलाय. त्यावर आवकचा शिक्का बसलाय.

तशी धाब्यासाठी कायद्यात वेगळी ओळ नाही. सार्वजनिक जागा, बस. फक्त ती कुठल्या राज्यात आहे ते पाहावं लागतं. आमच्या एजन्सीत कॅश व्हॅनवर येणाऱ्या नव्या पोरांना मी सांगत असतो, आधी परवान्यावरचं क्षेत्र वाचा. आपला ६१ नंबरचा हायवे कल्याणकडून येतो, परभणी, वसमत, नांदेड करत तेलंगणात निर्मलकडं जातो. परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर सीमेपलीकडच्या पहिल्या टपरीवर तीच बंदूक बेकायदा ठरते. विनापरवाना अग्निशस्त्राला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आहेत. पोरं हसतात.

त्या रात्री फोन करणारा कोण होता कळलं नाही. पुष्कळ दिवस त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने असल्याचं पेपरात आलं, कमरेला पिस्तुल लावलेल्यांचे रील टीव्हीवर दिसले. त्याच सुमारास एका धाब्यावर एकानं ताटाशेजारी पिस्तुल काढून ठेवलेलं पाहिलं. उघडं. शेजारच्या बाजेवर बायकापोरं जेवत होती. माझा हात मोबाइलकडं गेला. परवाना असेल की नसेल, मला काय ठाऊक? त्या रात्री फोन करणाऱ्यालाही माझं ठाऊक नव्हतं. त्यानं चूक केली असं आता म्हणता येत नाही. म्हणावंसं मात्र वाटतं.

आणि खरं सांगायचं तर रात्र गेली त्यापेक्षा पगार गेला त्याचं दुःख जास्त. सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करायची असा निवडणूक आयोगाचा नियमच नाही. छाननी समिती असते, बँकेच्या पहारेकऱ्यांना सूट मिळू शकते. पण कोणाला सूट हवी ती यादी वेळेत जायला लागते. आमच्या एजन्सीनं यादी पाठवलीच नाही. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, त्यानंतर बंदूक परत मिळाली, तोवर मी बिनहत्यारी वॉचमनच्या पगारावर. बंदूक नाही तर गनमनचा रेट नाही, हा एजन्सीचा हिशेब. बंदूक आणायची मी, तेलपाणी करायचं मी, नूतनीकरणाला खेटे घालायचे मी.

पुढच्या निवडणुकीच्या यादीत नाव घातलंय असं सुपरवायझर म्हणतो. दाखव म्हटलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो म्हणाला.